एकटीच्या जिवावर

संपादकांनी यंदाचा विषय सांगितला, ‘संघ’, आणि लगेच पुस्ती जोडली, “क्रिकेट सोडून.” मी टेनिस म्हटलं. त्यांना ती थट्टा वाटली. टेनिसमध्ये कसला आलाय संघ? दोघी समोरासमोर, मध्ये जाळी, ज्याचं त्यानं निस्तरायचं.

पण भारताच्या खात्यावर महिला टेनिसचं एक सांघिक पदक आहे आणि ते कुणाच्या फारसं लक्षात नाही. डिसेंबर २००६, दोहा, आशियाई खेळ. त्या खेळांतली सानिया मिर्झाची मिश्र दुहेरीतली सोनेरी जोडी लोकांना आठवते, कारण सोबत लिअँडर पेस होता. एकेरीतलं रौप्य आठवतं, कारण उपांत्य सामन्यात तिनं ली नाला हरवलं होतं. हीच ली ना पुढे २०११ मध्ये फ्रेंच ओपन जिंकली. तिसरं पदक मात्र विचारून बघा. महिला सांघिक रौप्य. ते एकट्या सानियाचं नव्हतं. शिखा उबेरॉय, अंकिता भांब्री आणि मुंबईची ईशा लखानी या तिघी तिच्यासोबत होत्या.

ही चार नावं एका दमात सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. टेनिसमधला संघ नेमका कसा चालतो, तो कुठे अडतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात याच विसरलेल्या पदकापासून करावी लागते.

लपायला जागा नाही

आशियाई खेळांत सांघिक टेनिस बाद पद्धतीनं खेळलं जायचं. दोन देशांच्या लढतीला टेनिसवाले ‘टाय’ म्हणतात. एका टायमध्ये तीन सामने, दोन एकेरी आणि एक दुहेरी. दोन जिंकले की पुढची फेरी. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही संघांना कांस्य.

ऐकायला हे सरळ आहे. ग्यानबाची मेख आहे ती एकेरीच्या नियमात. एक खेळाडू एका टायमध्ये एकच एकेरी खेळू शकते. त्या दिवशी एकेरीसाठी निवडलेल्या दोघींपैकी रँकिंगनं वरची ती एक नंबर, दुसरी दोन नंबर. एक नंबरची गाठ समोरच्या एक नंबरशी, दोनची दोनशी. म्हणजे तुमच्याकडे कितीही मोठी खेळाडू असली तरी ती एकेरीतला एकच गुण आणून देणार. दुसरा गुण कुठून आणायचा?

क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज दिवसभर उभा राहून सगळा डाव ओढून नेतो आणि बाकीच्यांचं अपयश झाकलं जातं. टेनिसच्या टायमध्ये झाकायची सोय नाही. समोरचा कर्णधार तुमच्या एक नंबरचा सामना मनातल्या मनात सोडून देऊ शकतो आणि सगळी ताकद उरलेल्या दोन सामन्यांवर लावू शकतो. मग तुमच्या स्टार खेळाडूला दुहेरीतही उतरवावं लागतं. नुकतीच एकेरी खेळून आलेली, पाय जड झालेले, आणि समोर कदाचित सकाळपासून हॉटेलात आराम केलेली, वर्षभर एकमेकींबरोबरच खेळणारी जोडी.

दोहात भारताची अवस्था अशीच होती. सानिया पहिल्या शंभरात, बाकी तिघी शंभराबाहेर. शिखा अमेरिकेत वाढलेली, २००४ मध्ये यूएस ओपनची पात्रता फेरी ओलांडून दुसऱ्या फेरीत व्हीनस विल्यम्सशी खेळलेली. म्हणजे अगदीच नवखी नव्हे. पण अंतिम लढतीत समोर चायनीज तैपेई होतं (तैवानला ऑलिंपिक आणि आशियाई खेळांत हे नाव घेऊन उतरावं लागतं). त्यांच्या संघात चान युंग-जान आणि चुआंग चिया-जुंग होत्या. दोहानंतर दीड महिन्याच्या आत ही जोडी ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुहेरीची अंतिम फेरी खेळली आणि त्याच वर्षी यूएस ओपनचीही. तैपेईनं सोनं नेलं. त्या टेनिस स्पर्धेत भारताकडे आशियातली एक अत्यंत मोठी खेळाडू होती. तैपेईकडे संघ होता.

बालेवाडीत

हा सगळा प्रकार डोळ्यांनी बघायची संधी पुण्यातच आली. ८ ते १२ एप्रिल २०२५ या काळात म्हाळुंगे-बालेवाडीच्या टेनिस संकुलात बिली जीन किंग कप स्पर्धेचा आशिया-ओशनिया गट एक भरला. जुन्या लोकांना ही स्पर्धा फेड कप म्हणून माहीत आहे. १९६३ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये नाव बदललं. महिलांच्या देशोदेशीच्या संघांची ही सगळ्यांत मोठी स्पर्धा, आणि टायची रचना तीच, दोन एकेरी, एक दुहेरी. पुण्यात सहा संघ होते. भारत, न्यूझीलंड, थायलंड, दक्षिण कोरिया, चायनीज तैपेई, हाँगकाँग. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. पाच दिवसांत पंधरा टाय, पंचेचाळीस सामने. पहिल्या दोघांना पुढच्या टप्प्याची दारं उघडी.

एप्रिलमधलं बालेवाडी ज्यांनी अनुभवलंय त्यांना ऊन समजावून सांगायला नको. हायवेवरून आत वळलं की मेट्रोच्या कामाची धूळ, आणि संकुलात शिरलं की सिमेंटवरून परतून येणारी झळ. सकाळी स्टँडमध्ये मोजकीच माणसं. अकादम्यांमधली पोरं रॅकेटच्या बॅगा पाठीला लावूनच आलेली, त्यांच्या आया सावलीची ओळ धरून बसलेल्या. सूर्य सरकेल तशी ती अख्खी ओळ उठून दोन पायऱ्या वर जायची.

एरवीच्या टेनिस स्पर्धेत आणि इथे काय वेगळं, ते पाच मिनिटांत कळतं. कोर्टाच्या कडेला, खेळाडूच्या खुर्चीला लागून कर्णधाराची खुर्ची असते. भारताचा कर्णधार विशाल उप्पल. बाजू बदलताना खेळाडू घाम पुसत बसते आणि तो वाकून काहीतरी सांगत असतो. कधी बोलतही नाही, नुसता टॉवेल पुढे करतो. मागे संघातल्या बाकीच्या पोरी, एकसारखे टीशर्ट घालून, प्रत्येक गुणाला उभ्या राहणाऱ्या. वर्षातले बरेच आठवडे याच मुली एकमेकींच्या विरुद्ध खेळतात, एकाच छोट्या बक्षिसासाठी झगडतात. त्यांना अशा टाळ्या पिटताना बघणं मजेचं असतं.

दुसरा फरक क्रमाचा. टायची सुरुवात दोन नंबरच्या खेळाडूंपासून होते. एक नंबरच्या नंतर येतात, दुहेरी शेवटी. म्हणजे दिवसाचा सूर लावायचं काम तिचं, जिचा फोटो सहसा पेपरात येत नाही. माझ्या शेजारी एक निवृत्त प्रशिक्षक वही घेऊन बसले होते. मी कुणाकडे लक्ष ठेवू म्हणून विचारलं तर मान वर न करता म्हणाले, “दोन नंबरची बघा. एक नंबरची काय, घरबसल्या दिसते.”

त्यांचं म्हणणं त्या आठवड्यात खरं ठरलं. भारताची रँकिंगनं अव्वल खेळाडू तेव्हा सहजा यमलापल्ली होती. पण आठवडा गाजवला तो श्रीवल्ली रश्मिका भमिडिपाटीनं. हैदराबादची ही उंच मुलगी पाचही दिवस एकेरी खेळली आणि पाचही जिंकली. जोरकस सर्व्हिस, आखूड चेंडू दिसला की पुढे घुसायचं, फार विचार करत बसायचं नाही. पहिल्या दिवशी तिनं आपला सामना जिंकूनही भारत न्यूझीलंडकडून टाय हरला. त्यांच्याकडे लुलू सून होती, २०२४ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचलेली. एकीनं जिंकून भागत नाही हे पहिल्याच संध्याकाळी पुन्हा दिसलं. पण नंतरच्या चारही टाय भारतानं जिंकल्या आणि न्यूझीलंडच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक घेतला.

गटिंगचं मशीन

कोर्टापासून जरा आत एका कोपऱ्यात गटिंगचं मशीन लागलेलं होतं. रॅकेटला तार ओवणं याला आपल्याकडे गटिंगच म्हणतात, जनावराच्या आतड्याची तार कधीच मागे पडली तरी. तिशीतला एक मुलगा रॅकेट मशीनवर आडवी बसवून उभ्या तारा ओढत होता. एक तार खेचायची, क्लॅम्प लावायचा, दुसरी खेचायची. उभ्या झाल्या की आडव्या, एक वरून एक खालून, बोटानं सरळ करत. शेवटी गाठ, उरलेलं टोक कात्रीनं कापायचं, तारांवर शाईचं चिन्ह उमटवायचं. अर्ध्या तासाच्या आत रॅकेट तयार. प्रत्येक रॅकेटच्या दांड्याला चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि पौंडांचा आकडा.

“उन्हात बॉल उडतो,” तो म्हणाला. “मग दुपारी ताईंचा निरोप येतो, दोन पौंड वाढव.” तार जितकी ताठ, चेंडू तितका कमी उसळी घेऊन सुटतो. सकाळच्या रॅकेटनं दुपारी खेळलं तर चेंडू रेषेच्या पलीकडे जायला लागतो, म्हणून एकीच्या चार चार रॅकेटा वेगवेगळ्या ताणाच्या.

त्याच्याकडून कळलेली खरी गंमत पुढेच आहे. दुहेरीची जोडी कर्णधार एकेरीचा रागरंग बघून शेवटच्या घटकेला बदलू शकतो. त्यामुळे प्रतिस्पर्धी, पत्रकार, सगळेच अंदाज बांधत असतात. या मुलाला अंदाज बांधायची गरज नव्हती. दुसरी एकेरी चालू असताना कुणाची रॅकेट ‘जरा पटकन’ म्हणून आली, यावरून तिसऱ्या सामन्यात कोण उतरणार ते त्याला कळायचं. मी नावं विचारली तर हसला आणि पुढची तार खेचायला लागला.

बार्शीची दुहेरीवाली

दुहेरी हा टायमधला तिसरा सामना. पहिल्या दोन सामन्यांत एक-एक झालं की सगळा भार त्याच्यावर. आणि दुहेरीवाल्या खेळाडूची पंचाईत अशी की दिवसभर तयार राहायचं, सामना लागेल की नाही, लागला तर त्याला अर्थ असेल की नाही, हे माहीत नसताना.

पुण्यातल्या संघात हे काम अंकिता रैनाबरोबर प्रार्थना ठोंबरेकडे होतं. प्रार्थना बार्शीची. सोलापूर जिल्ह्यातली बार्शी म्हटल्यावर डाळ आणि ज्वारीचा बाजार डोळ्यांपुढे येतो, टेनिस कोर्ट नाही. तिथून ही मुलगी हैदराबादला सानियाच्या अकादमीत गेली. २०१४ च्या इंचॉन आशियाई खेळांत सानियाबरोबर महिला दुहेरीचं कांस्य मिळवलं, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये सानियाच्याच साथीनं खेळली. तिथे चिनी जोडीपुढे पहिल्या फेरीत हरल्या, पण तिसऱ्या सेटमध्ये ७-५ पर्यंत नेऊन. म्हणजे भारतासाठी दहा वर्षांहून जास्त काळ ही मुलगी दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी उभी आहे. आपल्याकडे त्याला कौतुकाचा शब्द नाही. टेनिसमध्ये मात्र ते स्वतंत्र कसब आहे. नेटजवळ उभं राहून जोडीदाराच्या सर्व्हिसवर केव्हा आडवं धावायचं, परतीचा फटका कुणाच्या पायाशी टाकायचा, जोडीदार सलग दोन डबल फॉल्ट करून आली की तिच्याशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही. एकेरी खेळून हे येत नाही.

याच पठडीतलं दुसरं मराठी नाव ऋतुजा भोसलेचं. २०२३ मध्ये हांगचौला आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर तिनं मिश्र दुहेरीचं सोनं जिंकलं, तेही पहिला सेट २-६ असा गमावून. त्या सोन्याच्या बातम्यांत बोपण्णाचं वय आणि अनुभव यावर रकानेच्या रकाने होते. पण मला तिची आठवण येते ती दुबईची.

दुबईत काय घडलं

मार्च २०२०. करोनाची टाळेबंदी दारात उभी होती. फेड कपचा आशिया-ओशनिया गट दुबईत झाला. सानिया मुलाच्या जन्मानंतर पुन्हा खेळायला लागलेली, चार वर्षांनी या स्पर्धेत परतलेली. तिनं एकेरी कधीच सोडली होती. म्हणजे दोन्ही एकेरी इतरांनीच खेळायच्या होत्या. एक नंबरला अंकिता रैना, दुसरी बाजू ऋतुजा आणि रिया भाटिया यांनी वाटून घेतलेली. सानिया फक्त दुहेरीला.

तिथेही सुरुवात चीनकडून पराभवानं झाली आणि पुढच्या चारही टाय भारतानं जिंकल्या. शेवटची इंडोनेशियाशी. ऋतुजा हरली, अंकिता जिंकली, एक-एक. दुहेरीला अंकिता आणि सानिया. पहिला सेट टायब्रेकमध्ये, दुसरा ६-०. भारत इतिहासात पहिल्यांदाच जागतिक प्लेऑफपर्यंत पोचला. पुढल्या वर्षी लॅटव्हियानं तिथे हरवलं, पण तो पुढचा भाग.

आता दोहा, दुबई आणि पुणे शेजारी शेजारी ठेवून बघा. दोहात सानिया ऐन भरात होती आणि अंतिम टाय हातची गेली. दुबईत ती दुहेरीपुरती होती आणि संघ पहिल्यांदाच पुढे सरकला. पुण्यात पहिल्या दोनशेतली एकही भारतीय खेळाडू संघात नव्हती, तरी चार टाय जिंकल्या. याचा अर्थ स्टार खेळाडू नको असा कुणी काढू नये. सानियासारखी एकेरीवाली आपल्याला पुन्हा मिळालेली नाही आणि पुण्याच्या गटात चीन आणि जपान नव्हते हेही खरं आहे. तरीसुद्धा मी माझं मत सांगतो. भारतीय महिला टेनिसचं दुखणं एक नंबर नसणं हे नाही. दोन, तीन आणि चार नंबर पुरेसे तगडे नसणं हे आहे.

पंधरा हजारी

ते तगडे का होत नाहीत? याचं उत्तर बालेवाडीच्या स्टेडियममध्ये नाही, सोलापूरच्या आणि डेक्कन जिमखान्याच्या कोर्टांवर आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या महिला स्पर्धा तिथे होतात. सगळ्यांत खालच्या पायरीला खेळाडू ‘फिफ्टीन के’ म्हणतात. म्हणजे सगळ्या सामन्यांची मिळून बक्षिसाची रक्कम पंधरा हजार डॉलर. एकेरी जिंकणारीला अडीच हजार डॉलरच्या आत. पहिल्या फेरीत हरणारीला दोनशे डॉलरही नाहीत, आणि त्यातून कर, हॉटेल, रेल्वेचं तिकीट, गटिंग, फिजिओ. चांगल्या प्रशिक्षकाला आठवडाभर सोबत न्यायचं तर जिंकूनही खिशातून जातात.

अशा पायरीवर एखादी मुलगी बावीस-तेवीस वर्षांपर्यंत टिकते. घरच्यांनी एखादा फ्लॅट विकलेला असतो किंवा विकायचा ठरवलेला असतो. मग ती अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर जाते. (गंमत म्हणजे तिथलं कॉलेज टेनिस मुख्यतः सांघिक असतं. ऋतुजाही टेक्सासला शिकून, खेळून आली.) नाहीतर इथेच एखाद्या सोसायटीच्या कोर्टावर लहान मुलांना शिकवायला लागते. रँकिंगमध्ये तीनशे ते सातशेच्या पट्ट्यात ज्या डझनभर मुली असायला हव्यात, त्यातूनच दोन नंबर आणि दुहेरीवाली घडते. तो पट्टाच आपल्याकडे विरळ आहे.

दुसरं कारण सवयीचं. आपल्या मुली लहानपणापासून फक्त स्वतःसाठी खेळतात. नॅशनल गेम्समध्ये राज्यांचे सांघिक सामने असतात, पण ते खेळ होतील तेव्हा. क्लबांच्या टीम लीग होतात, त्यात हौशी काकांची संख्या जास्त. चौदा-सोळा वर्षांच्या मुलींना जिल्ह्यासाठी, खुर्चीवर बसलेल्या कर्णधाराचं ऐकत, एक-एक असताना तिसरा सामना खेळायची वेळ येतच नाही. ती पहिल्यांदा येते तेव्हा थेट देशाचा टीशर्ट अंगावर असतो. राज्य संघटनेनं जिल्ह्याजिल्ह्यांची मुलींची सांघिक स्पर्धा सुरू केली, दोन एकेरी आणि एक दुहेरी एवढीच, तर फार खर्च नाही. कोर्टं आहेत, मुली आहेत, बॉल लागतील.

उरलेली जागा

आशियाई खेळांतून सांघिक टेनिस गेलं. इंचॉन २०१४ शेवटचं. तिथेही महिलांचं सोनं चायनीज तैपेईनंच नेलं. २०१८ ला पालेम्बांगमध्ये पाचच प्रकार उरले, महिलांच्या एकेरी-दुहेरी, पुरुषांच्या एकेरी-दुहेरी आणि मिश्र. हांगचौलाही तेच. ऑलिंपिकमध्येही हेच पाच. म्हणजे दोहाचं रौप्य हे भारताच्या मुलींचं असं पदक आहे की ज्याची बरोबरी करायचीही सध्या सोय नाही. मला हा निर्णय पटलेला नाही. बहुक्रीडा स्पर्धेत देश म्हणून जायचं आणि टेनिसमध्येच तेवढं एकेकटं खेळायचं, हे विचित्र आहे. पण निर्णय घेणाऱ्यांनी आपल्याला विचारलेलं नाही.

उरला बिली जीन किंग कप. पुण्यातल्या दुसऱ्या क्रमांकामुळे भारत प्लेऑफमध्ये गेला आणि त्या लढती बंगळुरूला, १४ ते १६ नोव्हेंबर २०२५ या काळात होत्या. समोर स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स, म्हणजे पुण्यापेक्षा अवघड पेपर.  पुढची टाय जमलं तर जाऊन बघा, नाहीतर घरी लावा. फक्त एक करा. दोन नंबरवालीचा सामना सगळ्यांत आधी असतो. उशिरा पोचलात तर नेमका तोच हुकेल.